जाणाऱ्याचा हात धरताना

आमच्या बीड जिल्ह्यात माणूस गेल्यावर काय करायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. भावकीला फोन जातात, पांढरं कापड आणायला कुणीतरी मोटारसायकल काढतं, शेजारच्या बाया चहाची किटली घेऊन येतात. बौद्ध घर असेल तर त्रिशरण-पंचशील होतं, पुढे जलदान विधी, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, त्याचं कार्ड. माळकऱ्याचं घर असेल तर भजन, दहावा, तेरावा, शेवटी कीर्तन. कुठल्या पाहुण्याला कुठे बसवायचं, इथपर्यंत सगळं ठरलेलं.

पण त्याच्या आधीचं काय? डॉक्टरांनी "आता घरी न्या, सेवा करा" असं सांगितल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंतचे ते पंधरा दिवस, महिना, कधी तीन महिने? त्या दिवसांसाठी आपल्याकडे कार्ड नाही, विधी नाही, आणि खरं म्हणजे शब्दही नाहीत. माणसं येतात, केळी आणि बिस्किटाचा पुडा ठेवतात, पंख्याकडे बघत बसतात. "काही होत नाही तुम्हाला, पुढच्या महिन्यात शेतात चालाल बघा," असं म्हणून उठतात. मागे खोलीत उरते ती घरातली बाई. सून, लेक, बायको. तिला कूस बदलता येते, पेज भरवता येते, चादर ओढून काढता येते. रात्री अडीच वाजता खाटेवरून आवाज येतो, "मी जगते का गं?" तेव्हा काय बोलायचं, ते तिला कुणी सांगितलेलं नसतं.

हा लेख त्या अडीच वाजताच्या प्रश्नाबद्दल आहे. उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. गावागावातल्या विहारांत वर्षावासाला बायाच सर्वांत जास्त असतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत पांढऱ्या साड्या नेसून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचतात, ऐकतात. त्याच परंपरेच्या पाली ग्रंथांत मरणाऱ्याशी कसं बोलावं, याचं अगदी घरगुती म्हणावं असं मार्गदर्शन आहे. ते खाटेपर्यंत पोचलेलं मात्र फारसं दिसत नाही.

संयुत्त निकायात एक गिलान सुत्त आहे. गिलान म्हणजे आजारी. महानाम नावाचा शाक्य गृहस्थ बुद्धांना विचारतो, की घरसंसारी माणसाने दुसऱ्या आजारी घरसंसारी माणसाला धीर कसा द्यावा? प्रश्न भिक्खूंचा नाही, आपल्यासारख्यांचा आहे. बुद्धांनी दिलेलं उत्तर पायऱ्या-पायऱ्यांचं आहे. आधी त्याला ज्याचा आधार वाटतो, त्याची आठवण द्या. त्याची श्रद्धा, त्याने सांभाळलेलं शील. मग विचारा, आई-वडिलांची काळजी लागून राहिलीय का? बायको-लेकरांची? एकेक गाठ विचारून सोडवायची. नंतर इंद्रियसुखांची ओढ, त्याच्याही पुढे स्वर्गाची ओढ, असं मन हळूहळू मोकळं करत न्यायचं.

यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती विचारण्याची पद्धत. "काळजी करू नका" असं नाही म्हणायचं, "कशाची काळजी आहे?" असं विचारायचं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने तोंड बंद होतं, दुसऱ्याने उघडतं.

आणि आपल्याकडच्या काळज्या तरी केवढ्या! दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता गेलाच पाहिजे. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. पाडव्याच्या आगेमागे टोळ्या परत येईपर्यंत जी माणसं खाटेला खिळतात, त्यांच्या मनात काय चाललेलं असतं? पोरगा येईल का? आला तर उचल फिटायची कशी? नातीचं लग्न? बोअरचं पाणी? जनावरं विकली का? या काळज्या अध्यात्मिक नाहीत असं वाटेल. पण मरणारं माणूस त्यांच्यातच अडकलेलं असतं. म्हणून तिथूनच सुरुवात करायची.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण एका बाईचंच आहे. अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता या जोडप्याची हकीकत येते. भग्ग देशात सुंसुमारगिरीजवळ राहणारं हे जोडपं. नवरा फार आजारी पडतो, आता जातो की काय अशी अवस्था. नकुलमाता रडत बसत नाही, की खोटी आशाही दाखवत नाही. नवऱ्याच्या मनात काय काय भीती असेल, ते ती स्वतःच एकेक करून बोलून टाकते. मी गेल्यावर ही लेकरं कशी पोसेल, असं वाटत असेल ना? मला सूत काततं येतं, लोकर पिंजता येते, घर चालवीन. मी दुसरा घरोबा करीन, असं वाटत असेल? आपण इतकी वर्षं कसे राहिलो, ते तुम्हाला माहीत आहे. मी धम्मापासून दूर जाईन, शील मोडीन, माझं मन सैरभैर होईल, असं वाटतं? तेही होणार नाही. चिंतेत गुंतून जाऊ नका, एवढंच तिचं मागणं. गंमत म्हणजे नकुलपिता त्या आजारातून उठतो. पुढे काठी टेकत बुद्धांकडे जातो, तेव्हा अशी बायको लाभली हे तुझं भाग्य, असं बुद्ध त्याला सांगतात.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही बाई "मी सूत कातीन" म्हणते आणि त्यालाच धर्मोपदेश मानलं गेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे बाई नवऱ्याच्या उशाशी बसून "मी शिलाई मशीन चालवीन, बचत गटाचे हप्ते माझ्या लक्षात आहेत, सातबाऱ्याचं बघते" असं म्हणाली तर लोक म्हणतील, बघा, हिला घाई झालीय. पण जाणाऱ्याला नेमकं तेच ऐकायचं असतं.

मराठीत या सगळ्याचा अभ्यास ज्यांनी पहिल्यांदा आणला, ते धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवाळचे. 'समाधिमार्ग' हे त्यांचं ध्यानावरचं मराठी पुस्तक. मरणस्मृतीसारख्या भावनांचं सविस्तर वर्णन असलेला 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ त्यांनी संपादित केला. त्यांचं स्वतःचं जाणंही या विषयाला धरून होतं. आजारपणाने शरीर थकल्यावर त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवायचं ठरवलं. १९४६ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून तो थांबवला. पण शेवटी जून १९४७ मध्ये सेवाग्राम आश्रमात, अन्न सोडून, शांतपणे ते गेले. त्यानंतर गांधीजींनी दिल्लीतल्या प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली होती. ज्ञानासाठी घर सोडताना, १८९९ मध्ये, याच कोसंबींनी पत्नी बाळाबाई आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवलं होतं, हेही बायकांच्या पुरवणीत लिहायला हवं. त्यांचं 'निवेदन' हे आत्मचरित्र त्यांची नात मीरा कोसंबी यांनी इंग्रजीत नेलं. विद्वत्तेला नमस्कार. पण खाटेजवळ बसायची वेळ येईल, तेव्हा मी धडा नकुलमातेकडून घेईन.

कोसंबींचा अन्नत्याग हा त्यांचा निर्णय होता, तो कुणावर लादायची गोष्ट नाही. पण त्या निमित्ताने एक सांगते. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मंदावते, शरीराला अन्न नकोसं होतं. "दोन घास तरी खा" म्हणून चमचा दाबू नये. ठसका लागतो, त्रास होतो. ओल्या कापसाने किंवा गॉजने ओठ, जीभ ओली ठेवावी. कमी जेवतंय म्हणून ते मरत नसतं. मरणाच्या वाटेवर आहे म्हणून कमी जेवतं.

आता ध्यानाकडे येऊ. पण त्याआधी वेदनेबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण इथे घोटाळा होतो. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूची गोष्ट आहे. बुद्ध त्याला उपदेश करत नाहीत. ते पाणी ओततात, आनंद त्याला धुतो, मग एकजण डोक्याकडून, एकजण पायांकडून धरून त्याला उचलून बिछान्यावर ठेवतात. तिथेच चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितलेत. औषध तयार करता येणं, काय मानवतं ते कळणं, लोभाने नाही तर मैत्रीने सेवा करणं, मलमूत्र-थुंकी-ओकारीची किळस न वाटणं, आणि मग शेवटी, रोग्याचं मन प्रसन्न करता येणं. धम्म शेवटी, धुणं आधी.

दोन बाणांची उपमाही प्रसिद्ध आहे. पहिला बाण देहाच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेने मन घाबरतं, तडफडतं त्याचा. ध्यान-भावना दुसऱ्या बाणासाठी. पहिल्यासाठी औषधच हवं. कॅन्सरच्या तीव्र वेदनेला तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या हा जगभर मान्य झालेला उपाय आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे आपल्याकडे त्या मिळणं फार जिकिरीचं झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने कायदा तरी सैल झाला. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात आपल्या भागातले पेशंट जातातच. तिथे "दुखणं कमी करायला काय देता येईल?" हे तोंड उघडून विचारा. २०१८ पासून आरोग्य उपकेंद्रांच्या सेवांमध्येही, निदान कागदावर, वेदनाशामक शुश्रूषा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, आलेली आहे. आशाताईला त्याबद्दल विचारायला हरकत नाही. "सहन करा, ध्यान करा" असं वेदनेने कळवळणाऱ्याला सांगणं हा निव्वळ दुष्टपणा आहे.

ही जोड, म्हणजे औषध आणि भावना यांची, बाहेर बऱ्याच ठिकाणी घातली गेली. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं. दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं, नात्यांचं, श्रद्धेचंही असतं, हे त्यांनी डॉक्टरांना पटवलं. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं. जपानमध्ये १९८० च्या दशकात बौद्धांनी अशा शुश्रूषेला नावच दिलं 'विहार'. सॅन फ्रान्सिस्कोत १९८७ मध्ये झेन हॉस्पिस प्रोजेक्ट उभा राहिला, तिथले स्वयंसेवक रोग्याजवळ बसण्याआधी स्वतः ध्यान करत. थायलंडमध्ये फ्रा पैसाल विसालो हे भिक्खू सामान्य लोकांसाठी शांत मरणाची शिबिरं घेतात. आपल्याकडे तर इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून आहे, आणि त्रैलोक्य बौद्ध महासंघाच्या लोकांनी आनापानसती आणि मैत्री भावना वस्त्यांमध्ये शिकवली. पण दहा दिवसांचं शिबिर हे धडधाकट असताना करायचं काम. खाटेवरच्या माणसाला ते जमत नाही. तिथे फार थोडं आणि फार साधं करायचं असतं.

पहिली गोष्ट रोग्यासाठी नाहीच, तुमच्यासाठी आहे. खोलीत शिरताना उंबऱ्यावर थांबायचं. तीन श्वास येताना-जाताना बघायचे. पाय जमिनीला टेकलेत ते जाणवू द्यायचं. मग आत जायचं. आपण धावतपळत, चुलीवरचं टाकून, वैतागून आत शिरतो आणि ते आपल्या हातातून त्यांना कळतं. आजारी माणसाला हात लगेच ओळखू येतात.

दुसरी, सोबत श्वास घेणं. त्यांना श्वासावर लक्ष ठेवा म्हणून सांगायचं नाही. तुम्हीच त्यांच्या छातीकडे बघा. त्यांचा श्वास बाहेर पडेल तेव्हा आपलाही हळू सोडा, जमलं तर अगदी हलका 'आ' आवाज करत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पुष्कळदा त्यांचं अंग सैल पडतं. न पडलं तरी तुम्ही तिथे होतात. दम लागलेल्या, बरळणाऱ्या, घाबरलेल्या माणसाला डोळे मिटायला लावू नका, अंधारात भीती वाढते. डोळे उघडे, दिवा मंद, हात हातात, बस्स.

तिसरी मैत्री भावना. सुखी असा, भय नसो, अशा अर्थाचे दोन-तीन साधे शब्द आपल्याच बोलीत, सावकाश. "माय, तुला भ्या वाटू नये. तुझं मन निवांत राहो. आमचं नीट चाललंय." आधी त्यांच्यासाठी, मग मनातल्या मनात स्वतःसाठीही. महिनाभर जागणाऱ्या सुनेला मैत्रीची गरज काही कमी नसते. रात्रीची पाळी वाटून घेणं, नणंदेने आठवडाभर येऊन राहणं, हीसुद्धा मैत्री भावनाच, आणि बाकी सगळीपेक्षा जास्त उपयोगाची.

चौथी मला सर्वांत आवडते. श्रीलंकेच्या 'महावंस' ग्रंथात दुट्ठगामणी राजाची गोष्ट आहे. मरणशय्येवर त्याने आपल्या पुण्यकर्मांची वही वाचून घेतली. स्तूप बांधले, विहार बांधले, सगळं वाचून झालं. पण त्याच्या मनाला खरं समाधान दिलं ते संकटात असताना केलेल्या दोन दानांनी. भरभराटीत दिलेल्याने नाही.

आपल्याकडच्या पंचाहत्तरी-ऐंशीतल्या बायांना हे किती लागू पडतं! त्यांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडलेली, पाझर तलावाची माती वाहिलेली, सुकडीवर दिवस काढलेले. त्या वेळी कुणाच्या लेकराला अर्धी भाकर दिली असेल. कुणाच्या बाळंतिणीजवळ रात्र काढली असेल. नामांतराच्या दिवसांत, १९७८ ला, जीव मुठीत धरून कुणाला तरी घरात घेतलं असेल. विचारा त्यांना. "आई, बहात्तरला तुम्ही कुठल्या कामावर होतात?" एवढंच पुरतं. ऐकत राहा, नातवाला लिहून घ्यायला सांगा. ती वही दुसऱ्या दिवशी वाचून दाखवा. आयुष्यभर जिला कुणी शाबास म्हटलं नाही, तिला स्वतःचं पुण्य स्वतःच्या कानांनी ऐकू द्या.

एक मात्र खाटेजवळ कुणालाही बोलू देऊ नका. "मागच्या जन्मीचं भोगतेय" हे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेतच कर्म आणि पुनर्जन्माचा प्रश्न ऐरणीवर घेतला होता. ज्यांना पिढ्यान् पिढ्या पूर्वजन्माच्या पापाचा हिशेब सांगून गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्या उशाशी पुन्हा तोच हिशेब नको. आणि घर हरिपाठाचं असेल तर हरिपाठच म्हणा, नमाजाचं असेल तर त्यांची दुआ. गिलान सुत्ताची पहिली पायरी त्यांच्या आधाराची आठवण द्या अशी आहे, तुमच्या नव्हे.

"सांगायचं की नाही?" हा प्रश्न घराघरांत असतो. "म्हातारीला कॅन्सर सांगू नका, हाय खाईल." मला वाटतं, म्हातारीला बहुधा कळलेलंच असतं. ती तुम्हाला सांभाळून घेत असते. तेव्हा घोषणा करायची गरज नाही. ती विचारेल, "मी जगते का गं?" त्यावर लगेच उत्तर न देता, हात धरून, "तुम्हाला काय वाटतंय, आई?" असं म्हणा आणि गप्प बसा. ती बोलेल. "मला नाही वाटत आता" म्हणाली, तर "नाही, नाही" म्हणू नका. "मग कशाची काळजी लागलीय ते सांगा," म्हणा. तिथून पुढे महानामाला सांगितलेली वाट आहेच.

अनाथपिंडिक हा बुद्धांचा मोठा दाता. तो शेवटच्या आजारात असताना सारिपुत्त आणि आनंद त्याला भेटायला गेले. कशाला धरून राहू नकोस, डोळ्यांना नाही, कानांना नाही, मनालाही नाही, असा उपदेश सारिपुत्ताने केला. अनाथपिंडिकाला रडू आलं. इतकी वर्षं सेवा केली, पण असं कधी ऐकलं नव्हतं, म्हणाला. पांढरी वस्त्रं नेसणाऱ्या गृहस्थांना हा उपदेश केला जात नाही, असं आनंदाने सांगितल्यावर त्याने विनवलं, की करत जा, समजू शकणारे आमच्यातही आहेत. पांढऱ्या साड्या नेसून वर्षावासाला बसणाऱ्या बायांनी एखाद्या पौर्णिमेला गिलान सुत्त आणि नकुलमाता वाचायला घ्यावी. गावात कोण अंथरुणाला आहे, याची यादी करावी. दोघी-दोघींनी जाऊन तासभर बसावं. त्या तासात त्या घरच्या सुनेला झोपू द्यावं.

शेवटच्या दिवशी श्वास बदलतो. मधेच थांबतो, पुन्हा सुरू होतो, घशात घरघर लागते. ऐकणाऱ्याला फार वाईट वाटतं, पण रोगी बहुतेक वेळा तेव्हा शुद्धीच्या पलीकडे असतो. कुशीवर वळवून ठेवलं की घरघर जरा कमी होते. कानांचं मात्र वेगळं आहे. कॅनडातल्या एका हॉस्पिसमध्ये झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिसाद न देणाऱ्या, शेवटच्या काही तासांतल्या रोग्यांपैकी काहींच्या मेंदूने आवाजाची नोंद घेतल्याचं त्यात दिसलं. म्हणून उशाशी जमिनीच्या वाटणीचं बोलू नये, रडायचं असेल तर रडावं, आणि फडावरच्या पोराला फोन लावून तो कानाशी धरावा. संध्याकाळी गाडी भरून होईपर्यंत तिकडे कुणी फोन उचलत नाही. पहाटे कोप्यांवर चुली पेटतात तेव्हा लावावा. रात्री दोघांच्याही फोनला चार्जिंग आहे ना, ते आधीच बघून ठेवावं.